जिवाणूंना कोर्टात उभं करता येत नाही



आपल्याकडे पर्यावरणाचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा कार्बनवर येऊन थांबते. छपरावर सोलर पॅनल बसवावीत का, पुढची गाडी इलेक्ट्रिक घ्यावी का, दरवर्षी भारतात विमानाने जाणं कितपत योग्य, वगैरे. त्यात गैर काहीच नाही. पण मी आयोवात राहते, आणि इथे राहून मला असं वाटू लागलं आहे की आपण नायट्रोजनबद्दल बोलत नाही ते केवळ राहून गेलं म्हणून नव्हे. कार्बनच्या गोष्टीत खलनायक सापडतो, तेल कंपन्या आहेतच. नायट्रोजनच्या गोष्टीत मात्र आपलं ताट, आपलं पेट्रोल आणि आपलं लॉन मध्ये येतं. शिवाय प्रत्यक्ष काम करणारे हात डोळ्यांना दिसत नाहीत. ते जिवाणूंचे आहेत!

१२ जून २०२५ रोजी डे मॉइन आणि आसपासच्या गावांना पाणी पुरवणाऱ्या सेंट्रल आयोवा वॉटर वर्क्सने लॉनला पाणी घालण्यावर संपूर्ण बंदी घातली. जवळपास सहा लाख लोकांना लागू होणारी अशी बंदी इथे पहिल्यांदाच आली. नद्या काही आटल्या नव्हत्या, पाणी भरपूर वाहत होतं. पण रॅकून आणि डे मॉइन या दोन्ही नद्यांत नायट्रेट इतकं वाढलं होतं की ते काढणारी यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालवूनही मागणीला पुरेल एवढं कायदेशीर पाणी तयार होईना. मागणी कमी करणं एवढाच मार्ग उरला.

त्या महिन्यात एका मराठी घरी जेवायला जमलो होतो. बोलणं अर्थातच लॉनवर आलं. गवत पिवळं पडतंय, होमओनर्स असोसिएशनचं पत्र येईल का, स्प्रिंकलरवर एवढा खर्च केला तो वाया गेला. नायट्रेट आलं कुठून, हा प्रश्न मी विचारला तेव्हा उत्तर मिळालं, "पाऊस जास्त झाला ना यंदा, नैसर्गिक आहे ते." आणि लगेच दुसरं, "शेतकऱ्यांविरुद्ध बोलू नये बुवा, आपण त्यांचंच खातो." ही दोन वाक्यं मी इथल्या विधिमंडळातही ऐकली आहेत, फक्त इंग्रजीत. या दोन वाक्यांविरुद्धच हा लेख आहे.

माझी नोकरी मध्य आयोवातल्या एका लहान शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या प्रयोगशाळेत आहे. सोप्या शब्दांत सांगायचं तर पगार घेऊन मी जिवाणू सांभाळते. माणसाच्या मलमूत्रातला नायट्रोजन आमच्याकडे येतो तेव्हा तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात असतो. तो तसाच नदीत सोडला तर मासे मरतात. म्हणून मोठ्या टाक्यांत हवा फुंकून आम्ही दोन प्रकारचे जिवाणू पोसतो. नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाऊबंद अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि नायट्रोस्पायरासारखे दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. या सगळ्या व्यवहाराला नायट्रीकरण म्हणतात. ज्यांच्या घरी माशांची टाकी आहे त्यांना हे ठाऊक असेल. नव्या टाकीत घाईने मासे सोडले की ते मरतात, कारण हे जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नसतात.

मोठे चिकट, पण मोठे नाजूक जीव आहेत हे. आपल्या पोटातला ई-कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना कित्येक तास, कधी कधी दिवस लागतात. कारण त्यांचं जेवणच गरीब आहे. साखर नाही, प्रथिनं नाहीत. अमोनिया जाळून मिळेल तेवढ्या थोड्याशा ऊर्जेवर, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, ते आपलं शरीर बांधतात. थंडी पडली की मंदावतात, पाणी आंबट झालं की रुसतात. एक किलो अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला सुमारे साडेचार किलो ऑक्सिजन लागतो, आणि तो पुरवणाऱ्या ब्लोअरचं विजेचं बिल कुठल्याही केंद्राच्या खर्चातला मोठा आकडा असतो. ते बिल नागरिक भरतात. आमच्या पाइपातून अमोनिया परवान्यापेक्षा जास्त गेला तर सरकारला कळवावं लागतं, दंड होऊ शकतो. हे योग्यच आहे. फक्त हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

नायट्रीकरण हे सजीवांचं काम आहे हे पहिल्यांदा सिद्ध झालं तेही सांडपाण्यामुळेच. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून हळूहळू सांडपाणी सोडलं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही, अमोनिया आत जायचा तसाच बाहेर यायचा. मग नायट्रेट येऊ लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडल्यावर ते थांबलं, आणि मातीचं धुवण टाकल्यावर पुन्हा सुरू झालं. निव्वळ रासायनिक क्रिया असती तर सुरुवातीला वीस दिवस वाट बघावी लागली नसती, आणि ती क्लोरोफॉर्मने बेशुद्धही पडली नसती! ते जीव वेगळे काढून दाखवले विनोग्राड्स्की यांनी, १८९० च्या सुमारास.

पण शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी हे जिवाणू भारतात लोकांच्या उपयोगाला येत होते. बिहारमध्ये गुरांच्या आणि माणसांच्या मुताने भिजलेल्या गावठाणाच्या मातीवर पांढरा सोरा फुलून यायचा. तो खरवडून, पाण्यात विरघळवून, उकळून शुद्ध करण्याचं काम नोनिया जातीकडे होतं. त्या सोऱ्याची बंदुकीची दारू झाली आणि ईस्ट इंडिया कंपनीने पाटण्याहून तो जहाजं भरभरून नेला. युरोपातल्या लढायांत उडालेल्या दारूचा मोठा भाग बिहारच्या मातीतल्या जिवाणूंनी घडवला होता आणि एका कनिष्ठ मानलेल्या जातीने खरवडला होता. सगळा नफा कुणाचा झाला हे वेगळं सांगायला नको. असो, विषयांतर झालं. पण अदृश्य काम आणि दृश्य नफा यांची ही जोडी जुनी आहे.

या जिवाणूंबद्दलचं ज्ञान अजूनही बदलतं आहे. अमोनियावर जगणारे फक्त जिवाणूच, असं शंभर वर्षं मानलं गेलं. २००५ मध्ये सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या खड्यांमधून आर्किया गटातला एक जीव मिळाला जो हेच काम करतो, आणि २००६ मध्ये कळलं की अनेक प्रकारच्या मातीत अशा आर्कियांची संख्या जिवाणूंपेक्षा खूप जास्त असते. दोन टप्पे, दोन वेगळे कामगार, हेही पक्कं मानलं गेलं होतं. २०१५ मध्ये व्हिएन्ना आणि नेदरलँड्समधल्या गटांनी दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा दाखवला. व्हिएन्नाचा नमुना होता रशियातल्या तेलासाठी खोदलेल्या खोल विहिरीतल्या, गरम पाण्याच्या पाइपावरच्या बुळबुळीत थराचा. असे जीव नंतर विहिरींत, पाणीपुरवठ्याच्या वाळूच्या गाळण्यांत, शेतात, सगळीकडे सापडले. ज्या शहरांत क्लोरिनऐवजी क्लोरामाइन वापरतात तिथे नायट्रीकरण करणारे जिवाणू नळांच्या आतल्या भिंतीवरही राहतात. क्लोरामाइनमधून सुटलेला अमोनिया खातात आणि पाण्याचं निर्जंतुकीकरण पोखरतात. रस्त्याच्या टोकाचा हायड्रंट उघडून पाणी वाहू देणारे कर्मचारी दिसले तर त्यांना नावं ठेवू नका, बऱ्याचदा कारण हे असतं.

आता शेताकडे येते, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. अमोनियम धन आहे, म्हणून ते मातीला चिकटून राहतं. नायट्रेट ऋण आहे. त्याला माती धरत नाही, ते पाण्याबरोबर निघून जातं. म्हणजे शेतात घातलेला नायट्रोजन शेतात राहणार की नदीत जाणार हे बऱ्याच अंशी या एका पायरीवर ठरतं. जिवाणूंनी अमोनियमचं नायट्रेट कधी केलं, आणि तेव्हा ते उचलायला पिकाची मुळं तिथे होती का?

आयोवातल्या बऱ्याच शेतांत मुळं नसतात. ऑक्टोबरमध्ये मका आणि सोयाबीन निघालं की पुढचे सहासात महिने जमिनीत जिवंत मूळ नाही. तरीही नोव्हेंबरमध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवर पांढऱ्या लांबट टाक्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. त्या टाक्यांत दाबाखाली भरलेला अमोनिया असतो, तो जमिनीत टोचतात. पीक पेरलं जाणार एप्रिल-मेमध्ये, आणि त्याला भरपूर नायट्रोजन लागणार जूनपासून पुढे. मग सहा महिने आधी का? कारण वसंतात वेळ कमी असतो, माणसं कमी असतात, जमीन ओली असते आणि शरदात अमोनिया बऱ्याचदा स्वस्त मिळतो. कृषी विद्यापीठाचा सल्ला असा की माती ५० अंश फॅरनहाइटच्या खाली गेल्याशिवाय अमोनिया घालू नये. हा सल्ला संपूर्णपणे जिवाणूंच्या थंडीच्या आळसावर उभा आहे! पण थंडीत ते मंदावतात, मरत नाहीत. एखादा नोव्हेंबर उबदार गेला, मार्च लवकर तापला, की काम सुरू. मेमध्ये मका वीतभर असताना जमीन नायट्रेटने भरलेली असते आणि त्याच वेळी इथले मोठे पाऊस येतात.

तरीही सगळं नायट्रेट नदीत एवढ्या वेगाने गेलं नसतं. उत्तर-मध्य आयोवा ही हिमनद्यांनी मागे ठेवलेली सपाट, पाणथळ जमीन. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती कसण्याजोगी करायला जमिनीखाली मातीच्या नळ्या पुरल्या, आता प्लॅस्टिकच्या पुरतात. त्यांना इथे टाइल म्हणतात. शेताखालून हे जाळं जातं आणि कुठल्यातरी ओढ्याच्या काठी एका तोंडातून पाणी बाहेर पडतं. पाणथळीच्या चिखलात, जिथे ऑक्सिजन नसतो, तिथे दुसरे जिवाणू नायट्रेटचा पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करतात. टाइलने ती पायरीच वगळली. नायट्रीकरणाला हवा दिली आणि पुढचा उतारा काढून घेतला. म्हणून "नैसर्गिक आहे" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. जिवाणू नैसर्गिक आहेत. त्यांना नोव्हेंबरमध्ये अमोनिया वाढणं, त्यांच्या पायाखाली गटार घालणं आणि मुळं काढून घेणं नैसर्गिक नाही.

या युक्तिवादाची एक बाजू खरी आहे, ती सांगायला हवी. टाइलमधून जाणारं सगळंच नायट्रेट खताचं नसतं. आयोवाच्या काळ्या मातीत प्रचंड सेंद्रिय नायट्रोजन आहे, तो दरवर्षी थोडा थोडा कुजतो आणि त्याचंही नायट्रेट होतं. खत एका वर्षी अजिबात घातलं नाही तरी नायट्रेट वाहतच राहील. पण ती माती ज्या उंच गवताच्या प्रेअरीने घडवली, तिथेही हे जिवाणू होतेच. तिथे बारमाही मुळांचं जाळं होतं, आणि सुटलेला जवळजवळ प्रत्येक कण कुणीतरी उचलत होतं. काही गवतं तर याहून पुढे जातात. जपानमधल्या संशोधन संस्थेत काम करणारे गुंटूर सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की ब्रॅकिआरिया हे उष्ण कटिबंधातलं गवत मुळांतून असा पदार्थ सोडतं की नायट्रीकरणच रोखलं जातं. २०२१ मध्ये त्यांनी एका रानटी गवताचा तो गुण गव्हात आणून दाखवला. आयोवाच्या प्रेअरीचा हजारात एक भागही आता शिल्लक नाही. मातीवर दोष ढकलताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

आणि "आपण त्यांचंच खातो" हे तर तपशिलातच चूक आहे. आयोवाच्या मक्याचा निम्म्याहून जास्त भाग इथेनॉल होऊन गाड्यांत जळतो. उरलेल्यातला बराचसा डुकरांच्या आणि गुरांच्या पोटात जातो. बत्तीस लाख माणसांच्या या राज्यात दोन कोटींहून जास्त डुकरं आहेत. आमच्या केंद्रात येणारा मैला माणसांचा, म्हणून त्याच्यावर प्रक्रिया सक्तीची. डुकरांचा मैला शेतात पसरला की ते खत. जिवाणूंना हा फरक कळत नाही, त्यांना दोन्हीकडे अमोनियाच मिळतो.

कायद्याला मात्र फरक कळतो. १९७२ च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टखाली शहराचा किंवा कारखान्याचा पाइप नदीत उघडत असेल तर परवाना लागतो. १९८७ च्या दुरुस्तीने शेतातून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याला त्यातून वगळलं. २०१५ मध्ये डे मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने, तिचे प्रमुख बिल स्टोव यांच्या पुढाकाराने, साक, कॅल्हून आणि ब्युना व्हिस्टा या तीन काउंट्यांतल्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टांवर फेडरल कोर्टात दावा लावला. म्हणणं साधं होतं: टाइलचं पाणी हे जमिनीवरून वाहिलेलं पावसाचं पाणी नाही, जमिनीखालून पाइपाने आणलेलं आहे, मग त्याला परवाना का नको? त्या वर्षी नायट्रेट काढणारी यंत्रणा १७७ दिवस चालवावी लागली होती. २०१७ मध्ये दावा निकालात काढला गेला. कारण असं दिलं की ड्रेनेज डिस्ट्रिक्टना फक्त पाणी वाहून नेण्याचा अधिकार आहे, ते स्वच्छ करण्याचा नाही, आणि आयोवाच्या कायद्याने त्यांना अशा दाव्यांपासून संरक्षण आहे. टाइलचं तोंड हा पाइप आहे की नाही, या मूळ प्रश्नाला कोर्टाने हातच घातला नाही. काउंट्यांचा वकिली खर्च भरणारे पैसे कुठून येतात याचा पाठपुरावा स्टॉर्म लेक या छोट्या गावातल्या वर्तमानपत्राचे संपादक आर्ट कलन यांनी केला, आणि त्या अग्रलेखांना २०१७ चं पुलित्झर मिळालं. मोठ्या शेतीउद्योगाचे पैसे होते ते. पेपर खपत होता तीनेक हजार!

मग उरलं काय? २०१३ पासूनचं राज्याचं धोरण, ज्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस ४५ टक्क्यांनी कमी करण्याचं ध्येय आहे आणि शेतीसाठी सर्व काही ऐच्छिक आहे. २०२३ मध्ये विधिमंडळाने नदीतल्या नायट्रेट मोजणाऱ्या सेन्सरांच्या कामी येणारा पाच लाख डॉलरचा निधी दुसरीकडे वळवला. ताप मोजायचाच नाही, म्हणजे ताप नाही! तरीही पोक काउंटीने नेमलेल्या शास्त्रज्ञांचा अहवाल २०२५ मध्ये आला. या दोन नद्यांच्या खोऱ्यातल्या नायट्रोजनपैकी सुमारे ८० टक्के शेतीतून येतो, असं त्यात म्हटलं आहे.

आरोग्याचंही सांगायला हवं, कारण घरात लहान बाळ असलेले पुष्कळ जण हे वाचत असतील. १९४५ मध्ये आयोवातल्याच हंटर कॉमली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्याने निळ्या पडलेल्या तान्ह्या बाळांबद्दल पहिला निबंध लिहिला. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते. पुढच्या काही वर्षांत अशा बाळांची मोजदाद झाली, आणि तिच्यावरून लिटरला १० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली (नायट्रोजन म्हणून मोजलं तर, भारतातली ४५ ची मर्यादा नायट्रेट म्हणून मोजलेली आहे, दोन्ही जवळजवळ एकच). ती ठरली फक्त बाळांच्या या एका आजारासाठी. २०१८ मध्ये डेन्मार्कमध्ये २७ लाख लोकांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात, मर्यादेच्या दहाव्या भागाइतक्या नायट्रेटपासूनच मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. आयोवात कर्करोगाचं प्रमाण देशात दुसऱ्या क्रमांकाचं आहे असं इथल्या कर्करोग नोंदणी संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं. त्याची कारणं अनेक असणार, आणि एकट्या नायट्रेटकडे बोट दाखवणं शास्त्राला धरून होणार नाही. पण मर्यादेच्या आत आहोत म्हणजे निर्धास्त आहोत, असंही आता म्हणता येत नाही.

आपल्या घरांतली एक सवय इथे उलटी पडते. बाळाचं पाणी उकळून घेण्याची. जंतूंसाठी ती उत्तम. नायट्रेट मात्र उकळून जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. फ्रिजमधला कोळशाचा फिल्टरही ते काढत नाही, आरओ काढतो. शहराबाहेर एकर-दोन एकर जागा घेऊन स्वतःच्या विहिरीवर राहणाऱ्यांनी तर लक्षात ठेवावं की खाजगी विहिरींना फेडरल कायदा लागूच नाही. आयोवाच्या बऱ्याच काउंट्यांत विहिरीची तपासणी फुकट करून मिळते.

माझं माहेर अमरावती जिल्ह्यातलं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होतं, महाराष्ट्रात ३५ टक्क्यांहून जास्त. सर्वांत वाईट जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव ही नावं आहेत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांतून आपण जी नावं वाचतो, त्यांतली बहुतेक. तिथे टाइल नाही, पण उन्हाळ्यानंतरची तापलेली जमीन आणि पहिला पाऊस या जिवाणूंना फार मानवतो. युरिया टाकला की दोन-तीन आठवड्यांत बराचसा नायट्रेट होऊन बसतो. त्यात गोठ्याशेजारची विहीर, शोषखड्ड्यापासून चार हातांवरचा हातपंप. ४५ किलो युरियाची गोणी कर वगैरे धरूनही पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, तेव्हा कमी वापरा असं शेतकऱ्याला कुठल्या तोंडाने सांगणार? २०१५ पासून सगळा युरिया कडुनिंबाचा लेप देऊन विकणं सक्तीचं झालं. निंबोळीतले पदार्थ नायट्रीकरण मंदावतात हे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकातच दाखवलं होतं. कल्पना चांगली आहे. पण गोणी स्वस्त ठेवून लेपावर विसंबणं म्हणजे नळ उघडा ठेवून फडक्याने फरशी पुसणं. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलच्या धोरणाखाली भारतातही मका इथेनॉलसाठी पिकवला जातो आहे. आयोवाचा रस्ता कुठे जातो हे आम्हाला दिसतं आहे, तिकडच्या धोरणकर्त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

मी शेतकऱ्याला गुन्हेगार मानत नाही. आयोवातली निम्म्याच्या आसपास शेतजमीन कसणाऱ्याच्या मालकीची नाही. दरवर्षी भाडेपट्टा नव्याने करणारा माणूस दहा वर्षांनी फळणाऱ्या मातीवर पैसे का घालेल? शिवाय त्याला दुसरी वाट नाही असंही नाही. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या बूनजवळच्या मार्सडेन फार्मवर २००३ ते २०११ या काळात मका-सोयाबीनच्या जोडीला ओट, क्लोव्हर, अल्फाल्फा घेऊन तीन आणि चार वर्षांची फेरपालट केली. कृत्रिम नायट्रोजन खूप कमी लागला, उत्पन्न तेवढंच किंवा थोडं जास्त आलं, नफाही तेवढाच राहिला. मेहनत जास्त लागली, आणि त्या ओटला गिऱ्हाईक हवं. इथेनॉलला मिळतो तसा सरकारी आधार ओटला मिळालेला नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. शरदात अमोनिया टोचणं आयोवात बंद व्हावं, निदान या दोन नद्यांच्या खोऱ्यात. टाइलच्या तोंडाला पाइप म्हणावं, आणि तिथे जे निघतं ते मोजावं, जसं आमच्या केंद्राच्या तोंडाशी मोजतात. सेन्सरांचे पैसे परत द्यावेत. आणि काढणीनंतर जमीन झाकून ठेवणाऱ्याला, मग तो कूळ असला तरी, पैसे मिळावेत. यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टींना एक पैचंही नवं संशोधन लागत नाही.

विधिमंडळाचं अधिवेशन दर जानेवारीत सुरू होतं. गर्भपाताच्या, बंदुकांच्या, इमिग्रेशनच्या विधेयकांवर आपल्यातले बरेच जण आमदारांना पत्रं लिहितात, फोन करतात. पाण्याच्या विधेयकावर मी आजवर कुणाही मराठी माणसाचं नाव बघितलेलं नाही. नागरिकत्व नसलेल्यांनाही आपल्या आमदाराला पत्र लिहिता येतं आणि सुनावणीत बोलता येतं, त्यासाठी मतदार असावं लागत नाही.

आणि डिसेंबरमध्ये जे भारतात जाणार आहेत त्यांनी बॅगेत नायट्रेटच्या पट्ट्यांची एक डबी टाकावी. माशांच्या टाक्यांच्या दुकानातही मिळते. गेल्या खेपेला मी नेली होती. आमच्या घरच्या विहिरीत पट्टी बुडवली आणि मिनिटभर थांबलो. डबीवरच्या रंगांतला सगळ्यात गडद गुलाबी आला. वहिनीने त्या पट्टीकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "शाळेच्या बोरचं पाणी पण बघून देता का?" ते दुसऱ्या दिवशी बघितलं. मग शेजारच्या दोन घरांचं. डबी तिथेच ठेवून आले आहे.